परतीच्या काउंटरवरून: घ्यावं कसं, बदलून मागावं कसं

मी बरीच वर्षं एका मोठ्या दुकानात परतीच्या काउंटरवर काम केलं. उपकरणं, फोन, कपडे, साबण, सगळंच विकणारं दुकान. आमच्या काउंटरवर हसत कुणी येत नसे. आणि आलेल्याचं काम होणार की नाही, हे पिशवीतल्या वस्तूपेक्षा हातातल्या कागदावर जास्त ठरायचं. त्यामुळे खरेदीबद्दल कुणी विचारलं की मी उलट्या टोकाने सुरुवात करते. ही वस्तू उद्या बिघडली तर तुम्ही काउंटरवर काय दाखवाल? तेवढं पैसे देण्याआधी ठरलं की पुढची निम्मी कटकट मिटते.

बिल

दुकानातल्या छोट्या यंत्रातून निघतं ते गुळगुळीत बिल शाईने छापलेलं नसतं. कागदावर उष्णतेने काळा पडणारा लेप असतो आणि यंत्र जागोजागी चटके देऊन अक्षरं उमटवतं. ते उन्हात राहिलं, गाडीत पडलं, प्लॅस्टिकच्या पाकिटाला चिकटून राहिलं की अक्षरं उडतात. एक गृहस्थ फार टापटिपीचे. फ्रिजचं बिल खराब होऊ नये म्हणून त्यांनी ते लॅमिनेट करून घेतलं होतं. गरम रोलरमधून जाताना अख्खा कागद काळा पडला. प्लॅस्टिकमध्ये सीलबंद, चकचकीत काळी पट्टी! आम्ही ती उजेडासमोर तिरकी धरून बघितली, एक अक्षर लागेल तर शपथ. त्यांना खरेदीची तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे सांगता आले म्हणून व्यवहार संगणकात सापडला. रोख दिले असते तर आम्हीही हात टेकले असते.

तेव्हा दुकानातून बाहेर पडता पडता बिलाचा फोटो काढा. दुकानाचं नाव, तारीख आणि बिल क्रमांक वाचता आला पाहिजे. वस्तू महागाची असेल तर बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर छापून किंवा लिहून मागा. 'विद्युत उपकरण, १ नग' एवढंच लिहिलेल्या बिलावर कुठलंही यंत्र आपलं म्हणता येतं आणि कुठलंही नाकारताही येतं. वॉशिंग मशीनच्या सीरियल नंबरचा स्टिकर बऱ्याचदा पाठीमागे असतो, म्हणून मशीन भिंतीला सरकवण्याआधीच त्याचा फोटो घ्या. फोन घेताना स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश डायल करा. पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दिसेल. तोच खोक्यावर आणि बिलावर आहे ना, हे काउंटर सोडण्याआधी जुळवून बघा.

बारकोडवरून मात्र फार वाद घालू नका. सुरुवातीच्या तीन आकड्यांवरून वस्तू कुठल्या देशात बनली ते कळतं, असं सांगणारे आमच्याकडे वरचेवर यायचे. ते आकडे फक्त हा क्रमांक कुठल्या देशातल्या संस्थेने दिला एवढंच सांगतात. कंपनी नोंदलेली एकीकडे आणि कारखाना भलतीकडेच, असं सर्रास असतं. कुठे बनलं ते हवं असेल तर लेबलवर ते शब्दांत लिहिलेलं शोधा.

पुढची बाजू विकणाऱ्याची, मागची वाचणाऱ्याची

खोक्याच्या दर्शनी बाजूला मोठा आकडा असतो आणि खरा उपयोगाचा आकडा पाठीमागे बारीक अक्षरात. पॉवर बँकच घ्या. पुढे लिहिलेलं असतं २०,००० एमएएच (मिलिअँपिअर-तास). माणूस हिशोब करतो, माझ्या फोनची बॅटरी ५,०००, म्हणजे चार वेळा भरणार. तीन वेळासुद्धा धड भरत नाही, मग तो आमच्याकडे येतो आणि 'फसवणूक' हा शब्द दुसऱ्याच वाक्यात येतो. घोळ असा की ते २०,००० आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला मोजलेले असतात. ऊर्जेच्या मापात, म्हणजे वॉट-तासात सांगायचं तर (२० अँपिअर-तास गुणिले ३.७) ७४. हीच ऊर्जा ५ व्होल्टने बाहेर पडते तेव्हा कागदावरच १४,८०० उरतात, आणि व्होल्टेज बदलताना थोडी उष्णतेत जाते ती वेगळी. मागच्या बाजूला 'रेटेड कपॅसिटी' म्हणून जो लहान आकडा असतो, तो बाहेर किती मिळणार ते सांगतो. दोन कंपन्यांची तुलना त्याच आकड्यावर करा. वॉट-तासाचा आकडाही पाहून ठेवा. विमानात हातातल्या सामानात साधारणपणे १०० वॉट-तासांपर्यंतची बॅटरी चालते, आणि आकडाच छापलेला नसला तर तपासणीत पंचाईत होते.

हार्ड डिस्कचंही असंच. १ टीबीची डिस्क जोडली की संगणकावर ९३१ जीबी दिसतात आणि लोकांना वाटतं उरलेली जागा दुकानदाराने खाल्ली. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या. डिस्क पूर्ण आहे, परत आणू नका.

दिव्यांमध्ये वॉट बघून घेण्याची सवय जुन्या तारेच्या दिव्यांची. वॉट म्हणजे वीज किती खाणार. उजेड किती, ते ल्युमेन सांगतं. जुना ६० वॉटचा दिवा साधारण ८०० ल्युमेन द्यायचा आणि आता तेवढाच उजेड ८ ते १० वॉटचा एलईडी देतो. आमच्याकडे परत येणारे बहुतेक दिवे बिघडलेले नसायचेच, रंग आवडलेला नसायचा. खोक्यावर २,७०० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असेल तर उजेड पिवळसर, ६,५०० के असेल तर निळसर पांढरा. घरात आधी लावलेल्या दिव्याचा हा आकडा बघून मगच दुकानात जा.

टायरच्या बाजूला डीओटी या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. एका बाजूला दिसले नाहीत तर दुसऱ्या बाजूने बघा. क्रीम-शाम्पूच्या बाटलीवर झाकण उघडलेल्या डबीचं चित्र आणि त्यात '१२ एम' असतं. उघडल्यापासून बारा महिने, असा त्याचा अर्थ. 'दोनवर दोन फुकट' घेण्याआधी ते चित्र बघावं.

सूट

फुकटचा विषय निघालाच आहे तर हिशोब करून टाकू. दोनवर एक फुकट म्हणजे तेहतीस टक्के सूट, तीनवर एक म्हणजे पंचवीस. तेही तुम्हाला सगळे नग लागणार असतील तरच. '५० टक्के अधिक २० टक्के' म्हणजे सत्तर होत नाहीत. दुसरी सूट उरलेल्या निम्म्यावर लागते, एकूण साठ. 'त्याच किमतीत २० टक्के जास्त माल' हे २० टक्के सवलतीपेक्षा कमी फायद्याचं असतं. भागाकार केला तर सुमारे १६.७ टक्के निघतात.

याच्या उलटी गोष्ट गाजावाजा न करता होते. किलोच्या धुण्याच्या पावडरचं पाकीट एक दिवस ९०० ग्रॅमचं होतं. किंमत तीच, रंग तोच, वर 'नवीन पॅक' अशी चिठ्ठी. वजन १० टक्क्यांनी घटलं की भाव ११ टक्क्यांहून जास्त वाढलेला असतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं हीसुद्धा समजूतच. किमतीला वजनाने भागा, फोनमध्ये कॅल्क्युलेटर आहे. मी अजूनही फळीसमोर उभी राहून हेच करते आणि मागचे लोक खाकरतात. खाकरोत बापडे.

ऑनलाइन

इथे पहिली नजर विक्रेत्याच्या नावावर. ज्या साइटवर तुम्ही आहात ती आणि माल पाठवणारा हे दोघे वेगळे असू शकतात, आणि परत घेण्याच्या अटी विक्रेत्यागणिक बदलतात. ऑर्डर देण्याआधी त्या अटींचा स्क्रीनशॉट घ्या, कारण पान नंतर बदलतं.

उलट्या धावणाऱ्या घड्याळाचं दडपण घेऊ नका. तेच पान दुसऱ्या ब्राउझरमध्ये उघडा. घड्याळ पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं तर ते कशाची वेळ मोजतंय ते कळलंच. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर आधीच टिक केलेले चौकोन शोधा: विमा, देणगी, सदस्यत्व.

अभिप्राय वाचताना पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून मी मधले वाचते. तीन तारे देणारा माणूस बहुधा वस्तू खरोखर वापरून काय चाललं आणि काय खटकलं ते सांगत असतो. मग तारखेप्रमाणे लावून सगळ्यात जुने बघायचे. मिक्सरच्या पानावर तीन वर्षांपूर्वीचे अभिप्राय मोबाइल कव्हरचं कौतुक करत असतील, तर ते तारे दुसऱ्याच वस्तूने कमावलेले आहेत.

पार्सल फोडताना व्हिडिओ करा. सुरुवात बंद खोक्यापासून, पत्त्याच्या चिठ्ठीपासून, आणि मध्ये कट न करता. फोडून झाल्यावर सुरू केलेला व्हिडिओ आमच्याकडे कुणी पुरावा म्हणून धरत नसे.

वॉरंटी

'मोटरला १० वर्षं' हा स्टिकर मोटरपुरताच असतो. सर्किट बोर्ड, दाराचं रबर, कारागिराच्या येण्याचे पैसे त्यात धरलेले नसू शकतात, आणि बंद पडलेल्या मशीनमध्ये मोटरच गेलेली असते असं थोडंच आहे! पूर्ण मशीनला किती वर्षं, ते वेगळं विचारा. मुदत बहुधा बिलाच्या तारखेपासून मोजतात, घरी बसवल्यापासून नाही. घर तयार व्हायच्या आधी सहा महिने मशीन घेऊन ठेवलं तर ते सहा महिने गेलेच.

वाढीव वॉरंटी काउंटरवर उभ्या उभ्या घेऊ नका. ती कधीपासून सुरू होते आणि पडून फुटलं तर चालते का, एवढं तिच्या कागदावर वाचा. विकणारा कागद द्यायला तयार नसेल तर विषय तिथेच संपला.

तक्रार

दर १५ मार्चला आमच्या दुकानात जागतिक ग्राहक हक्क दिनाचं पोस्टर लागायचं. १९६२ साली याच तारखेला अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांनी तिथल्या संसदेला, म्हणजे काँग्रेसला, पाठवलेल्या संदेशात ग्राहकाचे चार हक्क मांडले: सुरक्षितता, माहिती, निवड आणि आपलं म्हणणं ऐकलं जाणं. चौथा हक्क बजावायची जागा म्हणजे आमचं काउंटर, म्हणून तिथे कसं बोलायचं ते जरा सविस्तर सांगते.

समोर बसलेल्या व्यक्तीच्या हातात फार थोडं असतं. ठरावीक दिवसांच्या आतला माल बदलणं, एका मर्यादेपर्यंत पैसे परत करणं, बस. तिच्यावर ओरडून ती मर्यादा वाढत नाही. 'हे तुमच्या अधिकारात आहे का? नसेल तर कुणाच्या, आणि ते कधी भेटतील?' असं विचारणाऱ्या माणसाला मी स्वतः उठून आत घेऊन जायचे. आणि काय हवंय ते आधी ठरवून या. दुरुस्ती, बदली की पैसे? 'तुम्हीच सांगा काय करता ते' म्हटलं की दुकान सगळ्यात स्वस्त पर्याय पुढे करतं. मीही तेच करायचे, आम्हाला तसंच शिकवलेलं होतं.

वस्तू दुरुस्तीला देताना जी पावती मिळते, तिच्यावर बिघाड काय लिहिलाय ते वाचल्याशिवाय हलू नका. घाईत लिहिणारा 'चेक करणे' एवढंच खरडतो. तुम्ही लिहून घ्या: 'सुरू केल्यावर दहा मिनिटांत आपोआप बंद पडते.' यंत्र पुन्हा त्याच दोषासाठी आणावं लागलं तर पुन्हा तेच शब्द. बदली मागायची वेळ येते तेव्हा एकच दोष सांगणाऱ्या तीन पावत्यांपुढे मॅनेजरला बोलायला फारसं काही उरत नाही. तीन वेळा 'चेक करणे' असेल तर ती तीन वेगळी किरकोळ कामं ठरतात. आधीपासूनचे ओरखडे आणि सोबत दिलेल्या वायरी-चार्जर यांचीही नोंद करून घ्या. फोन असेल तर सिम काढा, डेटाची प्रत ठेवा आणि मग द्या.

तोंडी बोलणं झालं की त्याच दिवशी ईमेल पाठवा. काय घेतलं, कधी, बिल क्रमांक, दोष काय, मागणी काय आणि उत्तर कुठल्या तारखेपर्यंत हवं. सहा-सात ओळींत बसतं. तुमचा मनस्ताप, दुकानाची प्रतिष्ठा, समाजमाध्यमांवर टाकण्याची धमकी यातलं काही घालू नका. पुढे ग्राहक आयोगाकडे (पूर्वीचा ग्राहक मंच) किंवा बँकेकडे जावं लागलं तर हाच कागद पहिला मागतात. कार्डाने पैसे भरले असतील आणि माल आलाच नसेल, तर व्यवहारावर हरकत घेण्याची मुदत बँकेला लगेच विचारा. विक्रेत्याच्या 'दोन दिवसांत बघतो'वर महिना घालवला की ती मुदत निघून जाते.

राहता राहिला खोका. परतीची मुदत संपेपर्यंत तो थर्माकोलसकट ठेवा. मग माळ्यावर रचत बसू नका, सीरियल नंबरची पट्टी कापून बिलाला टाचा आणि बाकीचा रद्दीत द्या.