आधी प्रोपेलर ठरवा, इंजिन शेवटी

घरी बांधायच्या विमानाची एक फळीही कापली नव्हती, तेव्हाच मी त्यासाठी गाडीचं इंजिन घेऊन बसलो होतो. मागून ठोकलेली गाडी, पुढचा भाग शाबूत, 1.6 लिटर, कागदावर 120 हॉर्सपॉवर. गाड्यांची इंजिनं खोलण्यात हयात गेलेली, त्यामुळे वाटलं, यात काय अवघड आहे! ते इंजिन त्या विमानावर कधीच चढलं नाही. म्हणून सांगतो, सुरुवात प्रोपेलरपासून करा.

तुमच्या विमानाच्या आराखड्यात प्रोपेलरचा व्यास दिलेला असतो. व्यास गुणिले 3.14 गुणिले आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), भागिले 60, की पात्याच्या टोकाचा वेग निघतो. 1.8 मीटरचा प्रोपेलर 2700 ला फिरला तर टोक सेकंदाला 254 मीटर जातं. ध्वनीचा वेग सुमारे 340. टोक 280 च्या पुढे गेलं की आवाज वाढत जातो आणि ओढ घटत जाते. तोच प्रोपेलर 6000 ला फिरवला तर 565! आता दुसऱ्या बाजूने बघा. माझ्या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, 155 न्यूटन-मीटर. टॉर्क गुणिले आरपीएम भागिले 9549 केलं की किलोवॅट मिळतात. 2700 ला आले 44, म्हणजे साठ हॉर्सपॉवरसुद्धा नाहीत. निम्मे घोडे तबेल्यातच.

यातून दोन वाटा निघतात. पहिली, प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर बसवायचा. बर्नार्ड पिटनपोल यांनी 1929 च्या सुमारास आपल्या एअर कँपर या विमानावर फोर्ड मॉडेल ए चं इंजिन असंच बसवलं: 3.3 लिटर, 40 हॉर्सपॉवर, पण तीही 2200 आरपीएमलाच. विमानासाठीच बनलेलं कॉन्टिनेंटल ओ-200 हेही 3.3 लिटरचंच आहे, 2750 ला 100 हॉर्सपॉवर देतं. कमी आरपीएमला ताकद हवी तर इंजिनाचं पोट मोठं, म्हणजे लिटर जास्त लागतात. फोक्सवॅगन बीटलचं एअरकूल्ड इंजिन या वाटेवरचं सगळ्यांचं आवडतं, पण ते 3000 च्या वर फिरवायचं म्हणजे प्रोपेलर आखूड घ्यावा लागतो. हलक्या, गुळगुळीत एकआसनी विमानाला तो चालतो. रुंद, तारा-खांबांच्या संथ विमानाला मात्र आखूड पातं ओढत नाही. शेवरोले कॉर्व्हेअरचं सहा सिलिंडरचं इंजिनही छान, पण त्यात काहींचे क्रँकशाफ्ट तडकले आहेत. प्रोपेलरच्या बाजूला जादा बेअरिंग बसवलेलं असेल तरच घ्या.

दुसरी वाट रिडक्शनची, म्हणजे प्रोपेलरचे फेरे कमी करायला मध्ये गिअर किंवा पट्टा. सुबारू, होंडा, सुझुकी याच वाटेने येतात. माझी बोटं इथेच भाजली. सिलिंडर पेटतो तेव्हा शाफ्टला धक्का बसतो. एका टोकाला क्रँक, दुसऱ्या टोकाला जड प्रोपेलर आणि मधला शाफ्ट स्प्रिंगसारखा पिळवटतो. एखाद्या ठरावीक आरपीएमला हे हेलकावे एकमेकांत मिसळतात आणि गिअरचे दात खडखडायला लागतात. माझ्या गिअरबॉक्समधलं रबरी कपलिंग सहा तासांत भुगा झालं. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, ‘इतरांना नाही आला त्रास.’ इतरांचा प्रोपेलर लाकडी आणि हलका होता, माझा जड, हे मागाहून कळलं. तेव्हा प्रश्न असा विचारा: हेच इंजिन, हाच गिअरबॉक्स, हाच प्रोपेलर, तिन्ही एकत्र किती तास उडालेत? उत्तर गोलमोल आलं तर चहा पिऊन परत या.

माझदाच्या 13बी रोटरीबद्दल, म्हणजे पिस्टनऐवजी फिरते रोटर असलेल्या इंजिनाबद्दल हमखास विचारतात. हलणारे भाग मोजकेच, ते खरं. पण एक्झॉस्ट इतका तापतो की सायलेन्सर टिकवणं हाच वेगळा उद्योग होऊन बसतो.

जाहिरातीतल्या वजनावर जाऊ नका. काटा आणा आणि रेडिएटर, पाणी, तेल, होस, गिअरबॉक्स, एक्झॉस्ट, दुसरी बॅटरी सगळं धरून मोजा. माझे 84 किलो 121 झाले आणि तोल सावरायला बॅटरी सीटच्या मागे न्यावी लागली.

गाडी सपाट रस्त्यावर ताकदीचा जेमतेम पाव हिस्सा वापरते. विमान उड्डाणाला पूर्ण आणि मग तासन्‌तास सत्तर-पंचाहत्तर टक्के मागतं. पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळ तिसरा हिस्सा पाण्यात जातो, म्हणजे शाफ्टला मिळते जवळजवळ तेवढीच. खरी परीक्षा चढताना, कारण तेव्हा ताकद पूर्ण आणि वारा कमी. रेडिएटर मोठा घेऊन भागत नाही. हवा आत येताना हळूहळू रुंदावणारी वाट हवी आणि बाहेर पडायला मोकळं तोंड हवं.

आता विजेचं. जुन्या विमान-इंजिनांना दोन मॅग्नेटो असतात, ते ठिणगीची वीज स्वतःच तयार करतात, त्यामुळे बॅटरी मेली तरी ठिणगी पडते. गाडीच्या इंजिनाचा पेट्रोल पंप, ठिणगीची कॉइल, ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर) सगळं विजेवर. म्हणून दोन पंप, दोन बॅटऱ्या आणि हाताने बदलता येणारा दुसरा ईसीयू. गाडीचा मूळ ईसीयू ठेवू नका. एखादा सेन्सर बिघडला की तो इंजिन वाचवण्यासाठी ताकद तोडतो. झाडांच्या शेंड्यावर असताना मला इंजिन वाचवायचं नसतं, स्वतःला वाचवायचं असतं.

100 हॉर्सपॉवरला पूर्ण ताकदीवर तासाला साधारण 28 लिटर पेट्रोल लागतं. पंप असेल तर गरजेच्या सव्वापट आणि टाकी उंचावर असून पेट्रोल नुसतं उताराने येत असेल तर दीडपट पेट्रोल यायला हवं, तेही नाक चढाईइतकं वर करून मोजलेलं. मी मोजलं तेव्हा जमिनीला समांतर सगळं ठीक होतं. नाक उचलल्यावर धार निम्मी झाली, कारण टाकीमागची नळी एका जागी वर उचललेली होती. ती वाकवून घ्यायला अर्धा दिवस गेला.