बरोबरीचा प्रस्ताव आला तर

सोलापुरातील एखाद्या स्विस पद्धतीच्या (दर फेरीत साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ घालणाऱ्या) बुद्धिबळ स्पर्धेत प्रतिस्पर्ध्याने खेळी करून बरोबरी सुचवली आणि घड्याळ दाबले, तर लगेच हात पुढे करू नये. आपण तोंडी नकार देईपर्यंत किंवा खेळण्याच्या हेतूने मोहऱ्याला हात लावेपर्यंत प्रस्ताव कायम राहतो, म्हणून तेवढ्यात पट नीट पाहावा. दोघांकडे विरुद्ध रंगांच्या घरांवर चालणारे उंटच उरले असतील, तर एक प्यादे जास्त असूनही डाव बहुधा बरोबरीत सुटतो. हत्ती आणि प्यादीच उरलेल्या, डावाच्या शेवटच्या टप्प्यात मात्र आपला राजा अधिक सक्रिय असेल आणि वेळ पुरेसा असेल, तर खेळत राहावे. मे महिन्यातील सोलापुरी उकाड्याचा थकवा समोरच्यालाही येतोच. केवळ त्याचे रेटिंग मोठे म्हणून बरोबरीचा अर्धा गुण घेणे मला पटत नाही, कारण बलाढ्य खेळाडू सहसा स्वतःची बाजू अवघडल्यावरच विचारतो. शेवटच्या फेरीत अर्ध्या गुणाने बक्षीस निश्चित होत असेल, तर स्वीकारावे.