रेडिएटरचा पंखा फिरत नाही? आधी रिले तपासा

गाडी ट्रॅफिकमध्ये तापते आणि पंखा गप्प, म्हणून लगेच नवी मोटर घेऊ नका. बऱ्याचदा दोष छोट्याशा रिलेत, म्हणजे पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचमध्ये असतो.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, चावी काढा. काही गाड्यांत पंखा चावी बंद असतानाही अचानक सुरू होतो, त्यामुळे हात पात्यांपासून लांबच ठेवा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या आकृतीत पंख्याचा रिले शोधा, फ्यूजही बघून घ्या आणि रिले सरळ वर ओढून काढा.

खालच्या पिनांजवळ बारीक आकडे असतात. नेहमीच्या चार पिनांच्या रिलेत 85 आणि 86 म्हणजे कॉइल, स्विच ओढणारी तारेची गुंडाळी. मल्टिमीटर ओहमवर ठेवून या दोन्हींत मोजा. साधारण 50 ते 120 ओहम यायला हवेत. काहीच आलं नाही तर कॉइल तुटली. आता 86 ला बॅटरीचं प्लस, 85 ला मायनस द्या. 'टक्' असा आवाज येईल, पण तेवढ्यावर विसंबू नका! आतले कॉन्टॅक्ट (वीज जोडणारे धातूचे टोक) जळलेले असले तरी आवाज येतोच. पुरवठा चालू ठेवूनच 30 आणि 87 या कॉन्टॅक्टच्या पिनांमध्ये मोजा: जवळजवळ शून्य ओहम हवेत, आणि पुरवठा काढताच जोडणी तुटायला हवी. तुटली नाही तर कॉन्टॅक्ट चिकटलेत. असा रिले पंखा सतत फिरवून बॅटरी उतरवतो.

मीटर नसेल तर हॉर्नचा रिले अगदी त्याच नंबरचा असल्यास तो लावून बघा.

रिले चांगला निघाला तर सॉकेटच्या पिना काळवंडल्यात का, हे टॉर्चने नक्की पाहा.