पदवीधर आहात ना? मग सिनेटसाठी नाव नोंदवा

२०१० साली मुंबई विद्यापीठाच्या बी.ए.च्या अभ्यासक्रमातली एक कादंबरी एका विद्यार्थी संघटनेच्या आक्षेपानंतर काढली गेली. कुलगुरूंनी तातडीचे अधिकार वापरले. मी त्याच विद्यापीठाची पदवीधर. इथे चिपळुणात बसून नुसती चिडत राहिले. जाब विचारणारी माणसं आपणही निवडून देऊ शकतो, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं. विद्यापीठाच्या कारभाराचा जाब जिथे विचारता येतो त्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, नोंदणीकृत पदवीधर दहा सदस्य निवडून देतात. पाच जागा खुल्या, पाच राखीव.

निवडणूक जाहीर झाली की विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मतदार नोंदणीची सूचना येते. मुदत कधी सरते कळत नाही, म्हणून अधूनमधून बघत राहा. जुनी नोंदणी आपोआप चालेल असं धरू नका.

बायकांनो, इथे नीट लक्ष द्या. माझ्या पदवीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. पहिला अर्ज तेवढ्यावरून परत आला. दुसऱ्यांदा विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तेव्हा यादीत नाव लागलं. तो दाखला आधीच स्कॅन करून ठेवा.

उमेदवार मत मागायला आला की वसतिगृह, निकालाचा घोळ हे विचाराच. पण एक प्रश्न हमखास विचारा: उद्या कुणी एखादं पुस्तक काढा म्हणून मोर्चा आणला, तर तुम्ही काय कराल? ‘लोकभावना बघू’ म्हणणाऱ्याला मी मत देत नाही. काय शिकवायचं ते त्या विषयाच्या अभ्यास मंडळातल्या शिक्षकांनी ठरवावं, विद्या परिषदेने, म्हणजे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या वरच्या मंडळाने, तपासावं. सिनेट सदस्यानेही तिथे आपली आवड लादू नये. शिक्षकांना डावलून निर्णय झाला, तर मात्र त्याने उभं राहायला हवं. वर्गात शिक्षक घाबरून बोलू लागला, तर पोरं प्रश्न विचारायला शिकणार कुठे? आणि हीच पोरं उद्याचे मतदार.

मतपत्रिकेवर फुली किंवा बरोबरची खूण करू नका. पसंतीक्रमाने १, २, ३ असे आकडे लिहा. १ हा आकडा नसेल तर मत बाद.

निवडणूक झाली की सदस्याचा नंबर जपून ठेवा. सिनेटची बैठक वर्षातून किमान दोनदा होते. त्याआधी त्याला लेखी कळवा. मी असं लिहिते: ‘यंदा अभ्यासक्रमातून कोणतं पुस्तक वगळलं, कुणाच्या सहीने, आणि अभ्यास मंडळाच्या कोणत्या बैठकीत ते ठरलं?’