पुस्तकांच्या दुकानाचं दिवाळं निघालं? गिफ्ट कार्ड आधी वटवा

अमेरिकेत एखादी पुस्तक-साखळी दिवाळखोरीत गेली की तिच्या गिफ्ट कार्डवरचे पैसे बुडू शकतात. कायद्याच्या दृष्टीने तुम्ही फक्त एक धनको असता, तेही बहुधा बँकांच्या मागे.

१. चॅप्टर ११ची (कोर्टाच्या देखरेखीखाली कर्जाची फेररचना करण्याच्या दिवाळखोरी प्रक्रियेची) बातमी आली की लगेच जाऊन कार्ड वापरा. शिल्लक शेवटच्या सेंटपर्यंत संपवा.

२. वेबसाइटवर कार्ड चालेनासं झालं, तर दुकानात विचारा. क्लिअरन्स सेलमध्येही बऱ्याचदा चालतं, पण तिथला माल परत घेत नाहीत.

३. कार्ड नुकतंच क्रेडिट कार्डवर घेतलं असेल, तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे दुकानाकडून पैसे परत वळवून, मागा. लेखी तक्रारीची मुदत साधारण स्टेटमेंटपासून ६० दिवस.

४. यातलं काहीच जमलं नाही तर फॉर्म ४१० (दिवाळखोरीतल्या येण्याचा दावा-अर्ज) भरून कोर्टात दावा लावा. फी नाही. कार्डच्या दोन्ही बाजूंची आणि पावतीची झेरॉक्स जोडा, मूळ कार्ड देऊ नका. १२व्या प्रश्नात ग्राहकांच्या आगाऊ रकमेची चौकट आहे, तिथे खूण करा, म्हणजे पैसे अग्रक्रमाने मागता येतात. गिफ्ट कार्ड त्यात बसतं का, यावर कोर्टांचं एकमत नाही. पण खूण करायला काय जातं?

दाव्याची शेवटची तारीख मात्र चुकवू नका. २०११मध्ये बॉर्डर्स ही अमेरिकन पुस्तक-साखळी बुडाली तेव्हा दुकानं उघडी होती तोवर कार्डं चालली. नंतर उशिरा दावे लावणाऱ्यांना कोर्टाने दाद दिली नाही.