विषय शिक्षकांची बैठक: तक्ते बाजूला ठेवा, पेपर उघडा

चाचणीत मुलं कुठे चुकली ते पाहून पुन्हा काय शिकवायचं ते ठरवायला एका इयत्तेला एकच विषय शिकवणाऱ्या ३ ते ६ शिक्षकांचा गट करा. आठवड्यातून एक तास वेळापत्रकातच राखून ठेवा. शाळा सुटल्यावरच्या बैठका टिकत नाहीत. सूचना आणि परिपत्रकं या तासात अजिबात आणू नका.

घटक शिकवायला घेण्याआधीच ५-६ प्रश्नांची चाचणी सगळ्यांनी मिळून काढा. ती सगळ्या तुकड्यांत एकाच आठवड्यात घ्या. सगळे पेपर तपासायला घेण्याआधी त्यातले तेच ३ पेपर प्रत्येकाने स्वतंत्रपणे तपासावेत. गुणांत फरक आला, तर कशाला किती गुण द्यायचे ते तिथेच ठरवा.

खरी अडचण पुढे येते. बहुतेक गट तुकडीवार सरासरीचा तक्ता मांडतात आणि बैठक तिथेच फसते. ज्याची सरासरी कमी, तो गप्प होतो, आणि बाकीचे ‘मुलं अभ्यासच करत नाहीत’ म्हणत उठतात. सरासरीवरून उद्या वर्गात काय करायचं ते कधीच कळत नाही, म्हणून तो तक्ता काढूच नका.

त्याऐवजी सगळ्यात जास्त चुकलेला एकच प्रश्न घ्या. सगळ्या तुकड्यांचे पेपर एकत्र मिसळा आणि चुकीच्या उत्तरांचे प्रकारानुसार गठ्ठे करा. समजा, −२(क्ष − ५) चा कंस सोडवायचा होता, बरोबर उत्तर −२क्ष + १०. काहींनी −२क्ष − १० लिहिलं, काहींनी −२क्ष − ५. पहिल्यांनी दोन्ही पदांना गुणलं, पण ऋण गुणिले ऋण धन होतं हे त्यांच्याकडून सुटलं. दुसऱ्यांनी मात्र दुसऱ्या पदाला गुणलंच नाही. त्यांना कंसाचा अर्थच उमगलेला नाही. गुण दोघांनाही शून्यच, पण उपाय वेगवेगळे. दोघांना एकत्र बसवून तोच धडा पुन्हा शिकवणं म्हणजे तास वाया घालवणं. चूक नेमकी कुठे झाली ते पेपरवरून कळेना, तर त्या मुलाला बोलावून उत्तर कसं काढलं ते विचारा. अंदाज बांधू नका.

मग ज्या तुकडीत ती चूक कमी झाली, तिथल्या शिक्षकाने ते कसं शिकवलं हे फळ्यावर करून दाखवावं. नुसतं तोंडी सांगून चालत नाही. उदाहरण कोणतं घेतलं आणि कोणत्या क्रमाने, यातच सगळं असतं.

उठण्यापूर्वी कोणत्या मुलांना, कोण, कोणत्या दिवशी पुन्हा शिकवणार ते लिहून ठेवा. आठवड्याभराने त्याच मुलांना त्याच प्रकारचे २ नवे प्रश्न द्या आणि पुढची बैठक त्या उत्तरांपासून सुरू करा.