धक्का लागला की आधी खिसा चाचपा

मोठ्या शहरातला खिसेकापू बहुधा एकटा नसतो. एक जण दारात वाट अडवतो, दुसरा मागून रेटतो आणि तेवढ्यात पाकीट तिसऱ्याच्या हाती गेलेले असते, तेही गाडीचे दार बंद होण्याच्या अगदी बेतात, म्हणजे तुम्ही आत आणि तो फलाटावर. म्हणून चढताना पाठीवरची सॅक पोटाशी घ्यावी आणि पाकीट मागच्या खिशात ठेवूच नये. ‘खिसेकापूंपासून सावध राहा’ ही पाटी वाचताच माणसाचा हात नकळत पाकिटावर जातो आणि ते नेमके कुठे आहे हे टपून बसलेल्याला आयतेच कळते, हा त्यातला गमतीचा भाग. खांद्यावर काही सांडले आहे असे सांगत कोणी रुमाल घेऊन पुसायला धावला, तर न थांबता पुढे निघावे. डाग नंतरही धुता येतो. साध्या वेशातला कोणी पोलीस असल्याचे सांगून नोटा तपासायला मागू लागला, तर पाकीट त्याच्या हाती न देता ‘पोलीस ठाण्यात येऊन दाखवतो’ असे म्हणावे. तोतया असेल तर बहुधा तिथूनच काढता पाय घेतो. कार्ड बंद करण्यासाठी लागणारा बँकेचा क्रमांक मात्र कागदावरही लिहून ठेवावा, कारण पुष्कळदा फोनही त्याच झटक्यात गेलेला असतो.